उगवतीकडची खोली

कौलं उतरवायला सुरुवात झाली तेव्हा छपरातून एवढी माती गळाली, की थोरलीला वाटलं आपण इतकी वर्षं घरात नाही, मातीच्या ढिगाखालीच संसार केला. शिडीच्या टोकाला तिचा नवरा, मधल्या पायरीवर गवंडी, खाली ती. वरचं कौल हातातून हातात खाली यायचं आणि ती ते भिंतीच्या कडेला उभं रचायची. धड कौलं एकीकडे, तडकलेली दुसरीकडे. पदर नाकातोंडावरून करकचून बांधलेला, तरी दाताखाली माती करकरत होती. थंडीचे दिवस, त्यात वारा असा सुटलेला की सकाळी सुरू झाला तो दिवस मावळेपर्यंत दम खायचं नाव घेत नव्हता.

मजूर मिळत नव्हते असं नाही. धाकटा दीर शहरातून माणसं पाठवायला तयार होता. पण थोरल्याने ठणकावलं, की घर पाडायचंच आहे तर परक्या हातांनी कशाला, ज्यांनी ते लिंपलं-शाकारलं ते हात अजून शाबूत आहेत. हे तो भावाला म्हणाला नाही. म्हशीला म्हणाला.

बाहेरच्याला हसू येईल, पण त्या घरात याला कोणी हसत नसे. थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत नव्हते. बाप गेला तेव्हा धाकटा शहरात होता, तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. "तू आलाच नाहीस," थोरला म्हणाला. "तू कळवलंच नाहीस," धाकटा म्हणाला. तेव्हापासून दोन्ही तोंडांना कुलूप. पण जमीन सामाईक, विहीर सामाईक, घर सामाईक, न बोलून भागणार कसं? सुरुवातीला निरोप थोरलीच्या गळ्यात पडायचे. मग निरोपात एखादा शब्द कमीजास्त झाला की दोघेही तिलाच फाडून खायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "मला नका सांगू, त्या म्हशीला सांगा." दोघांनी ते मनावर घेतलं. धाकटा गावी आला की दोघे गोठ्यात म्हशीच्या दोन बाजूंना उभे राहायचे. "सांग त्याला, पंप दुरुस्त करून घेतलाय." "सांग त्याला, बरं केलं." म्हैस रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची.

आता धाकट्याला शहराचा कंटाळा आला होता. दुकानं चांगली चालली होती, ती मुलांच्या हाती देऊन इकडे राहायला यायचं त्याच्या मनात होतं. पण ओळीत तीन काळोख्या खोल्या आणि पुढे पडवी, एवढ्याशा घरात त्याच्या बायकोचा जीव कसा रमणार? म्हणून घर मोठं करायचं, वर मजला, पूर्वेला नवी बाजू. त्यासाठी त्याने एक आर्किटेक्ट आणली.

पन्नाशीची काटक बाई. केस मानेवर कापलेले, पायात जाड बूट, कानावर पेन्सिल. उगाच हसायची नाही. चहा नको म्हणाली तर खरोखरच प्यायची नाही, समोर ठेवलेला तसाच गार व्हायचा. पहिल्याच दिवशी तिने भिंतींवर मूठ आपटत सगळं घर पालथं घातलं आणि थोरल्याच्या तोंडावर म्हणाली, "बांधणाऱ्याचं उजेडाशी वैर होतं का?" बांधणारा थोरल्याचा बाप. त्या दिवसापासून थोरल्याने तिला नकाशाबाई म्हणायला सुरुवात केली आणि बसायला पाट देणं बंद केलं. बाईला फरक पडला नाही. ती उभ्यानेच काम करायची.

भावांना मात्र बाईचा एक उपयोग पटकन कळला. म्हशीपेक्षा ती बरी, लिहून तरी घेते. हळूहळू सगळं बोलणं गोठ्यातून अंगणात आलं. "बाई, ह्यांना सांगा, जिना बाहेरून नको." "बाई, त्याला सांगा, जिना कुठून का असेना, आमचे गुडघे चढायचे नाहीत." मधे ती, दोन्ही बाजूंनी हे दोघे, आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही.

घराचं छप्पर उतरल्यावर थोरला-थोरली गोठ्यात राहायला गेले. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला वैरणीला पाठ लावून दोघांची अंथरुणं, मधे तीन दगडांची चूल. लेक सासरी नांदत होती, त्यामुळे माणसं दोनच. पहाटे अंगावरची घोंगडी दवाने ओलसर व्हायची आणि थोरलीचे सांधे असे धरायचे, की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. पण तिची कुरकुर नव्हती. त्याला कारण होतं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

बाईने एकदा गोठ्यात येऊन, उपड्या टोपलीवर कागद पसरून तिला विचारलं होतं, "दिवसाचा जास्तीत जास्त वेळ तुम्ही कुठे असता?"

थोरलीला आधी प्रश्नच कळला नाही. असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. "चुलीपाशी," ती म्हणाली. "मावळतीकडच्या खोलीत. खिडकी नाही तिला. दुपारी भट्टी होते."

"मग चूल इकडे आणू," बाईने पेन्सिलीचं टोक पूर्वेला टेकवलं. "इथे स्वयंपाकघर, खळ्याकडे खिडकी. आणि त्याला लागून ही तुमची खोली."

"दार?"

"दार तर असणारच ना खोलीला."

बाई सहज बोलून गेली. तिला काय माहीत, थोरली लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून मधल्या खोलीत पडद्याआड झोपली होती. पडद्याच्या पलीकडे सासूसासरे, त्यांच्या पलीकडे शेंबडा दीर. तिने कधी दाराला कडी लावून कपडे बदलले नव्हते, कडी लावून रडली नव्हती. सासूसासरे गेले, दीर शहरात गेला, तरी पडदा तिथेच राहिला, कारण कोण काढणार आणि कशासाठी? त्या दिवशी बाई गेल्यावर ती छप्पर उतरवलेल्या घराच्या पूर्वेला जाऊन उभी राहिली. तिथे नुसता उकिरडा आणि एरंडाचं झाड होतं. पण ऊन सुंदर येत होतं. तिने दुसऱ्या दिवशी, कोणी न सांगता, तो उकिरडा खोऱ्याने साफ केला. पाठ मोडून आली, पण मन भरून आलं होतं.

बिनसलं ते एका शब्दावरून.

पाया खणायच्या आधी धाकटा बायकोला घेऊन आला. कौलांच्या थप्पीवर नकाशा पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. थोरली बाजूला बसून गवंड्यासाठी चुना चाळत होती. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि बोटांच्या भेगांत चुना शिरून आग होत होती. धाकटा नकाशावर वाकला आणि म्हणाला, "बाई, जरा विचारा. खालच्या दोन खोल्या ह्यांना पुरतील ना?"

पुरतील ना! थोरल्याच्या हातात घमेलं होतं, ते त्याने खाली ठेवलं. गोठ्याला वैरण किती पुरेल, कोंबड्यांना खुराडं पुरेल का, असं विचारतात. बापाच्या घरात थोरल्या मुलाला असं विचारतात का? त्याच्या मानेवरची शीर टरारली. थोरलीला ती दिसली.

"त्याला सांगा," तो म्हणाला, "आम्हाला त्याच्या घरात वीतभरही जागा नको. आम्ही आहोत तिथे गोठ्यात बरे आहोत."

बाईने कानावरची पेन्सिल काढली. "नक्की?"

"नक्की."

"खोली, स्वयंपाकघर, काहीच नको?"

"काही नको म्हटलं ना!"

"मी एकदा काढून टाकलं की टाकलं," बाई म्हणाली. "शेवटचं विचारते."

"नको, नको, नको!" थोरला ओरडला आणि घमेलं उचलून चालता झाला.

थोरली चुना चाळत राहिली. ती मुळीच घाबरली नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. त्या घराण्यात नको म्हणजे नको नसे. नको म्हणजे पुन्हा विचारा. सासरे रोज जेवायच्या वेळी भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "मला भूक नाही." ही नवी नवरी, तिने पहिल्या दिवशी खरं मानून ताट उचललं, तर म्हाताऱ्याने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. मग तिला कळलं. दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा हाताला धरायचं, चौथ्यांदा म्हातारा कण्हतकुथत उठायचा आणि सगळ्यांपेक्षा जास्त जेवायचा. थोरला तसाच, धाकटाही तसाच. लहानपणी रुसून माळ्यावर बसलेल्या धाकट्याला कितीतरी वेळा हिनेच हातापाया पडून खाली उतरवलं होतं. तेव्हा बाईने विचारलं त्याला काय अर्थ? ती परकी. खरं विचारायचं ते धाकट्याने, संध्याकाळी, गोठ्याच्या दारात येऊन. "दादा, असं काय करतोस," एवढं म्हटलं की झालं.

तिने संध्याकाळी गोठा झाडला. जास्तीचं दूध घालून चहाचं आधण ठेवलं. थोरला दाराकडे पाठ करून दोरी वळत बसला होता, पण त्याचे कान अंगणात होते, हे दोरीच्या पिळावरून कळत होतं. अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग तो आवाज रस्त्यापर्यंत जाऊन नाहीसा झाला. चहा उकळून काळा झाला, तो दोघांनी तसाच प्यायला.

दोन दिवसांनी गवंड्याने पूर्वेला चुन्याच्या रेघा आखल्या. थोरली पाण्याची कळशी घेऊन तिथून चालली होती, ती थांबली. बाहेरची रेघ होती. आतली नव्हती. जिथे तिची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत यायची, तिथे मोकळी जमीन.

"आतली रेघ राहिली," ती म्हणाली.

"राहिली नाही, काढली," गवंडी म्हणाला. तो चांगला माणूस होता, पण तंबाखू तोंडात असली की सगळं एकाच सुरात बोलायचा. "इथे हॉल होणार आता. तुमच्याच मालकांनी नको म्हणून सांगितलं ना."

कळशी तिने तिथेच टेकवली.

संध्याकाळी धार काढताना तिने नवऱ्याला सांगितलं. तो वैरण टाकत होता.

"येईल," तो म्हणाला. "यावंच लागेल त्याला. लोक काय म्हणतील, भावाला गोठ्यात ठेवलं?"

"आणि नाही आला तर?"

"येईल गं."

"अहो, भिंत उभी राहिल्यावर येऊन काय उपयोग? तुम्हीच जा. बाईंना सांगा, रागात बोललो."

त्याने हातातली पेंढी म्हशीपुढे आपटली. म्हैस दचकली आणि दुधाचं भांडं कलंडता कलंडता थोरलीने सावरलं. "मी बोललो ते बोललो," तो म्हणाला. "थुंकी चाटायची सवय नाही मला."

मग ती स्वतः बाईकडे गेली. बाई खणलेल्या चरात उतरून टेप धरून उभी होती, बुटांना चिखल. थोरली वर, ती खाली.

"ताई, बाजूला व्हा, माती ढासळेल."

"आमची भिंत का काढली?"

"तुमचे मिस्टर नको म्हणाले."

"ते तसं म्हणतातच."

बाईने टेप सोडला. तो सळकन गुंडाळत गेला. "मी तीनदा विचारलं."

"चौथ्यांदा विचारायचं होतं!"

बाई हसली नाही, चिडलीही नाही, आणि त्यामुळे थोरलीला जास्त राग आला. "हे बघा," बाई म्हणाली, "घरात कोणाचं कोणाशी पटत नाही हे मी नकाशात धरत नाही. धरलं तर एक घर बांधून होणार नाही. माझ्याशी बोलतात ते मी खरं मानते. तुम्हा लोकांना दुसरं काही म्हणायचं असतं, तर ते म्हणा. महिनाअखेरच्या शुक्रवारी तुळई चढणार. चढली की ह्या बाजूला हॉल. त्यानंतर भिंत हवी म्हणालात, तर पुन्हा सगळं उकलायचं, आणि ते मी करणार नाही."

"मग आज बदला."

"दोघांपैकी एका मालकाने सांगितलं, की बदलते."

मालक! म्हणजे मावळतीच्या भट्टीत जन्म घालवला ती कोणीच नाही. थोरली परत फिरली तेव्हा तिचे कान तापले होते. बाईचा, नवऱ्याचा, दिराचा, सगळ्यांचा तिला एकदमच संताप आला, आणि कोणाचा जास्त हे ठरवता येईना.

धाकटा आणि धाकटी फरशीचे नमुने घेऊन आले, तेव्हा तिने त्यांना पडवीच्या पडक्या जोत्यावर गाठलं. धाकटीने चौकोनी तुकडे उन्हात मांडले होते आणि कुठला रंग हॉलला शोभेल ते बघत होती. माणूस वाईट नव्हती धाकटी. गोड बोलायची, आणि तेच अंगाला लागायचं.

"बरं झालं आलात, ताई," ती म्हणाली. "गोठ्यालाही आम्ही छान फरशी घालून देणार आहोत हं. बाहेरून दगड लावला की कोणाला कळणारही नाही गोठा आहे म्हणून. फक्त म्हैस तेवढी मागे हलवावी लागेल. हॉलची मोठी खिडकी त्याच अंगाला येते ना, वास येईल."

थोरलीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "भाऊजी," ती दिराला म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे ते नको कशासाठी म्हणाले."

धाकटा फरशीच्या तुकड्यावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. त्याचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण खालचा ओठ पुढे काढून बसायची खोड लहानपणचीच. "ठाऊक आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय वहिनी? प्रत्येक वेळी मीच का जायचं? बाबा गेले तेव्हा त्याने मला बोलावलं नाही. मी का बोलावू? त्याने एकदा माझ्याकडे बघून, माझ्याशी, तोंडाने मागावं. घरात जागा दे म्हणावं. उद्या भिंत उभी करतो."

"मागावं?"

"हो. मागावं."

"मी तुमचं डोकं धुतलंय भाऊजी. उवा काढल्यात."

"म्हणून तर तुमच्याशी बोलतोय," धाकटा म्हणाला, आणि बायकोला म्हणाला, "हा राखाडी बरा वाटतो." थोरली उठली. पडक्या जोत्यावरून उतरताना तिचा पाय मुरगळला, पण तिने तोंडातून आवाज काढला नाही. त्या दोघांसमोर तर नाहीच.

ते दिवस वाईट गेले. वारा थांबेना. थोरला अंगात आल्यासारखा राबत होता. जुन्या भिंतींचे दगड तो एकटा उचलायचा, छातीशी धरून वाकून चालायचा, पूर्वेच्या पायाच्या चरात नेऊन टाकायचा. एका दगडाखाली त्याचं बोट सापडलं, नख काळं पडलं, तरी फडकं गुंडाळून काम चालूच. स्वतःला बाहेर ठेवणारी भिंत इतक्या जोराने बांधणारा माणूस थोरलीने दुसरा पाहिला नव्हता. बोट बांधून देताना तिने दिराचा निरोप सांगितला.

"मागू?" तो खेकसला. "मी? माझ्या बापाच्या घरात? त्याच्यापुढे हात पसरू?"

"हात नका पसरू. तोंड उघडा."

"एक शब्द नाही."

"मग मी मागते."

त्याने बोट तिच्या हातातून ओढून घेतलं. अर्धं बांधलेलं फडकं लोंबत राहिलं. "तू मागितलंस," तो सावकाश म्हणाला, "तर त्या खोलीत तू एकटीच राहायचं. मी तुझं तोंड बघणार नाही."

तो हे रागात बोलला, आणि रागात बोललेलं ती सोडून देत आली होती. आजवर किती सोडलं याचा हिशेब तिने ठेवला नव्हता. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हे एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं, आणि फिरता फिरता त्यातली धमकी गळून पडली. एकटीच राहायचं. दार, कडी, खळ्याकडे खिडकी, आणि ती एकटी. तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण तिला ते वाईट वाटेना.

महिनाअखेरच्या शुक्रवारी सगळे जमले. धाकटा गाडीतून उतरला, मागोमाग धाकटी डोक्याला रुमाल बांधून. बाई आधीच आली होती. जुन्या घराची मधली तुळई, सागाची, काळी कुळकुळीत, अंगणात काढून ठेवली होती. तीच नव्या हॉलवर चढवायची होती. माणसं कमी होती म्हणून थोरल्याने पुढच्या टोकाला खांदा दिला, मागे गवंडी आणि त्याचे दोघे गडी. चौघे तुळई घेऊन पूर्वेच्या भिंतींमधे आले आणि दम खायला थांबले. थोरल्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

थोरली चुन्याचे हात पदराला पुसत पुढे आली. मोकळ्या जमिनीवर, जिथे रेघ नव्हती, तिथे मधोमध उभी राहिली.

"बाजूला हो," थोरला म्हणाला.

ती झाली नाही. "भाऊजी," ती म्हणाली. आवाज मोठा होता. "मला इथे खोली हवी. खिडकीची. आणि शेजारी चूल. मी मागते आहे. तुमच्याकडे बघून, तोंडाने. माझ्या एकटीसाठी."

गवंड्याने तंबाखू थुंकली.

धाकट्याने आधी वहिनीकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे, आणि त्याच्या डोळ्यांत एक चमक आली. ती प्रेमाची नव्हती. भावाला झोंबेल असं काहीतरी हाती लागल्याची होती. "दिली," तो म्हणाला. "बाई, लिहून घ्या. वहिनीला खोली दिली. आणि त्यांना सांगा, तुमच्या बायकोला मी खोली दिली म्हणून."

थोरल्याने खांद्यावरचं टोक खाली सोडलं. मागचे तिघे शिव्या घालत कसेबसे तोल सावरत तुळई टेकवून उभे राहिले. तो दोन ढांगांत भावासमोर आला, बाईला मधून सारून.

"माझ्या बायकोला खोली देणारा तू कोण?"

धाकटीचा हात तोंडाकडे गेला. बाप गेल्यापासून थोरला आज पहिल्यांदा भावाशी बोलला होता, आणि काय बोलला तर हे. एवढी वर्षं जे कुलूप उघडावं म्हणून थोरलीने जीव आटवला, ते उघडलं, तर तिला खोली मिळू नये म्हणून.

धाकट्याचा खालचा ओठ पुढे आला. चमक गेली, आणि पोट सुटलेल्या, केस पिकलेल्या त्या माणसाच्या जागी क्षणभर माळ्यावर रुसून बसलेलं पोर दिसलं. "बोललास," तो म्हणाला. "दादा, तू बोललास माझ्याशी."

"तू पण ये ना घरात," धाकटा म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "वहिनी एकटी कशी राहील? ये दादा. येतोस?"

थोरल्याने मान दुसरीकडे फिरवली. एरंडाकडे बघत राहिला. हीच ती वेळ होती जिची तो इतके दिवस वाट बघत होता, आणि ती कशी वापरायची हे त्याला बापाने शिकवलं होतं.

"नको," तो म्हणाला.

आणि खांदे किंचित सैल सोडून उभा राहिला. थोरलीला ते खांदे पाठ होते. अजून एकदा, फार तर दोनदा, मग हाताला धरलं की तो यायला निघणार होता. आल्यावर खोली त्याची होणार होती, खिडकीशी त्याची खाट पडणार होती, दार उघडंच राहणार होतं कारण रात्री त्याला चारदा उठावं लागे, आणि तिने मागून मिळवलेलं सगळं भावाभावांच्या गळाभेटीत वाहून जाणार होतं. तिला चहा ठेवायला सांगतील, एवढंच. धाकट्याने श्वास घेतला, हात पुढे केला, तोंड उघडलं.

"नको म्हणालेत ते," थोरली मोठ्याने म्हणाली. "बाई, तुम्ही ऐकलंत ना?"

बाईने पेन्सिल काढली. तिने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तिने तीनदा विचारलं नाही. "ऐकलं," ती म्हणाली.

"पण वहिनी..." धाकटा म्हणाला.

"त्यांनी कधी एक शब्द मागे घेतलाय का, भाऊजी? नको म्हणाले म्हणजे नको. त्यांना गोठ्यातच बरं वाटतं. तुमच्यासमोर सांगितलंय, माझ्यासमोर सांगितलंय. आता कोणी त्यांना विचारून त्यांचा अपमान करू नका."

धाकट्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला, मग खिशात गेला. थोरला बायकोकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे असं टक लावून बघितलेलं तिला आठवेना. त्याचे ओठ हलले. आत्ता तो म्हणाला असता, मी येतो, मला यायचंय, तर तिचं काही चाललं नसतं. पण ते शब्द त्याच्याकडे नव्हते. त्या घरात ते कोणाला शिकवलेलेच नव्हते. त्या क्षणी तिला त्याची दया आली नाही. पुढे कधी आली असेल, तो भाग वेगळा.

बाईने चुन्याची पिशवी उचलली आणि स्वतःच मोकळ्या जमिनीवर आतली रेघ आखली. "आधी ही भिंत येऊ दे," ती गवंड्याला म्हणाली. "तुळई हिच्यावर टेकेल. आज चढवू नका, परत अंगणात नेऊन ठेवा. ताई, दार कुठल्या अंगाला?"

"खळ्याच्या."

"कडी?"

"आतून," थोरली म्हणाली.

गवंड्याने हातांवर थुंकी लावली आणि मागचं टोक धरलं. त्याचे दोघे मधे वाकले. पुढचं टोक जमिनीवर पडलेलं होतं, आणि माणसं तेवढीच होती. गवंडी वाट बघत राहिला. शेवटी थोरल्याने फडकं गुंडाळलेलं बोट जपत पुन्हा खांदा खाली घातला आणि तुळई उचलली.